रिंगा बसेपर्यंत

पंचफुलाने डिपस्टिक ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत खोचली आणि दुसऱ्यांदा ओढून सकाळच्या उन्हात आडवी धरली. दवाखान्यात थर्मामीटर धरायची तशीच, डोळ्यांच्या रेषेत. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. गेल्या आठवड्यात होतं तिथंच.

"कुठवर हाय?" आश्रुबाने विचारलं. तो बोनेटच्या पलीकडे दोन्ही हात पाठीशी बांधून उभा होता.

"वरच्या खुणेवर."

"नीट बघ. उतरलं असंल."

"न्हाई उतरलं."

त्याने स्वतः वाकून पाहिलं. चांगली बातमी ऐकल्यावर माणसाचा चेहरा जसा व्हायला हवा तसा त्याचा झाला नाही. त्याने फडक्याची घडी करून खिशात घातली आणि बोनेट अलगद टेकवून दाबलं.

"बघू," तो म्हणाला. "अजून थोडी चालू दे."

गाडी मस्कतहून आली होती. आश्रुबा तिथे रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर होता; आधी डंपरवर, मग साहेबांच्या गाडीवर. परत यायचं ठरल्यावर त्याने ही डिझेल गाडी घेतली आणि बाहेरून गाडी आणायच्या नियमाप्रमाणे वर्षभर नावावर राहावी म्हणून शेडमध्ये ताडपत्री घालून उभी ठेवली. त्यामुळे कागदावर जुनी आणि आतून कोरी. मुंबईच्या बंदरातून सुटून परभणीला आली तेव्हा तिच्या इंजिनाने जेमतेम तेवढाच रस्ता पाहिला होता. मागच्या दारावर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. स्टेअरिंग डाव्या अंगाला. वसाहतीतले लोक तिला उलटी गाडी म्हणत.

ती आश्रुबाच चालवणार, हे पंचफुलाने धरून चाललं होतं. पण इतकी वर्षं रस्त्याच्या उजव्या कडेने चालवलेला हात. पहिल्याच आठवड्यात वसमत रोडवर तो नकळत पलीकडे गेला आणि समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. घरी आल्यावर आश्रुबाने किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"तू शीक. नव्या इंजिनाला शिकाऊ माणूसच बरा. हळू चालवतो."

पंचफुला सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. चाळिशीला आलेली, लेक औरंगाबादला होस्टेलवर, अंगात नोकरीची शिस्त. ती शिकली. गाडीत बसताना सवयीने डाव्या दाराकडे जायची आणि आपल्यापुढेच स्टेअरिंग पाहून सुरुवातीला दचकायची. मग तेही सवयीचं झालं. ड्युटी दुपारची असली की सकाळी, सकाळची असली की तिसऱ्या प्रहरी, दोघं जिंतूर रोडने झरीपर्यंत जात आणि परत येत. कधी बोरीपर्यंत. आश्रुबा शेजारी डोळे मिटून बसायचा. झोपायचा नाही, इंजिन ऐकायचा.

"आता जरा दाब. सोड. पुन्हा दाब. एकसारखी नको चालवू. आळशी व्हती मग ती."

परतल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, हा दुसरा नियम. इंजिनात जादा हवा कोंबणारं टर्बोचं चक्र भोवऱ्यापेक्षा किती तरी पट वेगाने फिरतं, तापून लाल होतं. इंजिन एकदम बंद केलं तर तिथलं ऑइल जागच्या जागी जळतं. म्हणून घरापुढे गाडी थांबली तरी दोघं काही वेळ आतच बसून राहत, इंजिन संथ चालू ठेवून. त्या वेळात काय बोलायचं हे सुरुवातीला दोघांनाही कळायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यातली बरीचशी त्याने समुद्रापलीकडे काढली होती. दोन वर्षांनी एकदा महिनाभर घरी यायचा, तो पाहुणा म्हणून यायचा आणि पाहुणा म्हणून जायचा. आता तो कायमचा आला होता आणि चहात साखर किती हे विचारावं लागत होतं.

ऑइलची गोष्ट त्याने तिला स्वयंपाकघरात सांगितली होती. माळ्यावर दोन डबे ठेवले होते, मस्कतहून आणलेले, पांढरे, वर सोनेरी पट्टी.

"हे सिंथेटिक. परभणीत काय, औरंगाबादलाबी मिळायचं न्हाई."

"मग घाला की."

"आत्ता न्हाई घालायचं." तो पाटावर बसला. "नव्या जात्याला टाकी लावून आणलं की पहिलं दळण काय करतो आपण?"

"टाकून देतो. कच येती."

"तसंच हाय. सिलिंडर आतून खरबरीत असतो. पिस्टनच्या रिंगा त्याला घासत्यात, एकमेकाचं खरबरीतपण काढत्यात, मग बसत्यात. त्याला साधं ऑइल लागतं. पहिलं ऑइल लवकर काढून टाकायचं, त्यात कच असती. दुसरंबी साधंच. हे सिंथेटिक लय गुळगुळीत. अगुदर घातलं तर रिंगा घासायच्याच न्हाईत. घासल्या न्हाईत तर बसायच्या न्हाईत. मग जलमभर गाडी ऑइल पीत ऱ्हाती."

"मग घालायचं कवा?"

"गाडी ऑइल प्यायची थांबली की." थोडा वेळ त्याने माळ्याकडे पाहिलं. "सिंथेटिक घातलं की गावाला जाऊ. पहिला लांबचा रस्ता गावाचा."

भाकरी थापता थापता पंचफुलाचा हात थांबला होता. गावाचं नाव त्याने स्वतःहून काढलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

गाव गंगाखेडच्या पुढे, राणीसावरगावच्या अलीकडच्या एका फाट्यावरून आत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात गावातली बौद्धवाड्यातली घरं जळाली, त्यात त्यांचंही. पंचफुला तेव्हा नवी नवरी होती. माणसं ज्वारीच्या रानात बसून राहिली म्हणून वाचली. आश्रुबा ट्रॅक्टर घेऊन गंगाखेडला गेला होता; परतला तेव्हा घराच्या जागी धूर होता. त्याने बायकोला घेतलं, आईला म्हणाला, चल. तानुबाई हलली नाही. ती गावची सुईण होती. वरच्या आळीतली, खालच्या आळीतली, अर्धी माणसं तिच्या हातून जगात आलेली.

"घर जळालं," ती म्हणाली होती. "गाव न्हाई जळालं माझं."

"मग ऱ्हा तुझ्या गावात," आश्रुबा म्हणाला आणि वळला. त्यानंतर त्या मातीवर त्याने पाय ठेवला नाही. मस्कतहून पैसे पाठवायचा, ते ती घ्यायची. तो सुटीवर आला की ती परभणीला येऊन आठ दिवस भिंतीला टेकून बसायची आणि नवव्या दिवशी पिशवी काखेत मारून एसटी गाठायची. ती वारली तेव्हा आश्रुबा मस्कतमध्ये होता. पंचफुला रजा काढून शेवटचे दिवस तिच्यापाशी राहिली. पुढे दोन सुट्ट्या झाल्या, दोन्ही वेळा तो म्हणाला, पुढच्या खेपेला जाऊ गावाला.

आता गाडीने दिवाळीच्या सुमारास ऑइल प्यायचं थांबवलं होतं. हे पंचफुलाला दिसत होतं. आधी दर आठवड्याला खूण थोडी उतरायची, तिथं घोटभर ओतावं लागायचं. मग उतरणं कमी झालं. मग थांबलं. संक्रांत आली, त्याच दिवशी नामविस्ताराची बातमी आली, वसाहतीत निळे झेंडे लागले, विहारात पेढे वाटले. आश्रुबाने पेढा हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, ऑइल बदलायचं का. तो म्हणाला, थंडीत नको. उन्हं वाढू दे जरा.

नागनाथचं गॅरेज दवाखान्याच्या वाटेवर होतं. आधीची दोन्ही ऑइलं त्यानेच बदलली होती. एक दिवस ड्युटीवरून परतताना त्याने तिला हाक मारली. तो एका ट्रकच्या पुढ्यात हात पुसत उभा होता.

"सिस्टर, ती उलटी गाडी कवा आणायलाव?"

"ते म्हणतात अजून रिंगा बसल्या न्हाईत."

नागनाथने भुवया वर केल्या. "ऑइल प्यायलीय का?"

"न्हाई. दिवाळीपासून थेंबभर न्हाई."

"मग बसल्या की. दिवाळीतच सांगितलं होतं मी आश्रुबाभाऊंना. ते व्हय म्हणाले." तो थोडा घुटमळला. "साधी गाडी असती तर काय न्हाई, सालभर चालवा साध्या ऑइलवर. पण ही टर्बो हाय. त्या उष्णतेला साधं ऑइल जळतं, काजळी धरतं. लवकर घालणं वाईट, तसं लय उशीर करणंबी वाईट. त्यास्नी माहीत हाय हे. माझ्यापक्षा जास्त माहीत हाय."

ती घरी आली तेव्हा आश्रुबा स्वयंपाकघरात स्टुलावर उभा होता. त्याने दोन्ही डबे माळ्यावरून काढले होते, ओल्या फडक्याने पुसले होते आणि आता पुन्हा होते तिथं ठेवत होता.

"धूळ बसली होती," तो म्हणाला.

पंचफुलाने पिशवी खुंटीला अडकवली. नागनाथ भेटला होता, हे तिने सांगितलं नाही. रुग्णाला सगळं माहीत असतं आणि तरीही तो गोळी उशीखाली सारतो, अशी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. ओरडून उपयोग नसतो. त्याचं भय कशाचं, ते मात्र तिला कळत नव्हतं. गावात आता कोण काय करणार होतं? ज्यांनी घरं जाळली त्यातले काही मेले होते, काही म्हातारे झाले होते. जळलेल्या वाड्याच्या जागी नवी घरं उभी राहिली होती. तिथं जाऊन ती स्वतः महिनाभर राहून आली होती.

त्या आठवड्यात तिच्या सुटीच्या दिवशी आश्रुबा विहारातल्या बैठकीला गेला. ती उठली, स्टूल घेतलं, डबे काढले, मागच्या सीटवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाली. रेल्वे फाटकापाशी गाडी बंद पडली. मागून रिक्षावाले ओरडले. तिने दम घेतला, पुन्हा सुरू केली.

नागनाथने खालचा नट सोडला. जुनं ऑइल काळं कुळकुळीत, दाट, परातीत पडत राहिलं. नवं ओतताना ते मधासारखं पिवळं आणि पाण्यासारखं पातळ होतं. पंचफुला शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथं उभी होती.

"भाऊंनी पाठवलं का तुमाला?" नागनाथने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसाची तिने रजा टाकली होती. सकाळी ती नेहमीसारखी दारापुढे हॉर्न न वाजवता थांबली. आश्रुबा येऊन बसला. तिने पाण्याची कळशी आणि भाकरीचं गाठोडं मागे ठेवलं होतं, ते त्याला दिसलं नसावं. गाडी चौकात आली. जिंतूरकडे वळायच्या जागी ती वळली नाही. गंगाखेड रोडला लागली.

आश्रुबाने डोळे मिटलेलेच होते. परभणी मागे पडली, दोन्ही बाजूंनी शाळूची कणसं भरलेली रानं सुरू झाली. मग तो म्हणाला,

"आवाज बदललाय."

तिने गियर बदलला.

"ऑइल बदललंस तू."

"व्हय."

आता तो थांबव म्हणेल, म्हणून तिने पाय ब्रेकजवळ आणून ठेवला. तो म्हणाला नाही. पोखर्णी गेलं, दैठणा गेलं. त्याने डोळे उघडून समोर पाहायला सुरुवात केली होती. गोदावरीच्या पुलावर तिने वेग कमी केला. पात्रात पाणी थोडं, वाळू फार, काठावर टरबुजाच्या वाड्या. त्याने खिडकीची काच खाली घेतली. गंगाखेडच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर रस्ता चढाला लागला आणि तिने जरा जास्त दाबलं. गाडीने पाठीमागून कुणी हात लावावा तसा जोर घेतला.

"चांगली वढायलीय," तो हळूच म्हणाला. सवयीने म्हणाला.

फाट्यावर ती आत वळली तोच त्याने हात वर केला. "थांब हितं."

तिने बाभळीच्या कडेला गाडी घेतली. इंजिन चालूच ठेवलं. पुढे कच्ची वाट, वाटेच्या शेवटी गावचं लिंबाचं झाड, त्यामागे पत्र्यांची चमक. आश्रुबा त्याकडे पाहत होता. त्याचा एक हात दाराच्या कडीवर होता आणि कडी तो दाबत नव्हता.

"भ्याव वाटतं का?" तिने विचारलं.

"कुणाचं? न्हाई." त्याने मान हलवली. "तू फोनवर म्हणलीस ना. माय शेवटपर्यंत माझंच नाव घेत होती म्हणून."

पंचफुलाने त्याच्याकडे पाहिलं.

"मी तिथं कंपनीच्या हापिसात उभा, फोन हातात. ते ऐकलं अन् तेव्हापासून..." तो थांबला. "ती हाक मारायलीय आन् मी न्हाई. त्या जागेवर जाऊन कुठं उभा ऱ्हाऊ मी? कोणत्या तोंडानं? मीच म्हणलो होतो तिला, ऱ्हा तुझ्या गावात."

बाभळीवर होले घुमत होते. पंचफुलाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, ते तिने मांडीवर घेतले. तो फोन तिला आठवला. गंगाखेडच्या एसटीडी बूथमधली कोंदट हवा, बिलाचे लाल आकडे पळताहेत, पलीकडून त्याचा तुटक आवाज, काय म्हणाली माय, काय म्हणाली. आणि तिने ते वाक्य सांगितलं होतं. आठवून सांगितलं नव्हतं, तोंडात तयारच होतं. वॉर्डात उशिरा पोचलेल्या प्रत्येक मुलाला, सुनेला, भावाला ती हेच सांगत आली होती. शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते. मोठ्या सिस्टरनी तिला नव्या नोकरीत शिकवलं होतं, माणसाला रिकाम्या हाती पाठवू नये. किती जणांच्या हाती तिने ते दिलं होतं, याचा तिला अंदाजही नव्हता. ते घरी नेऊन लोक त्याचं काय करतात, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"खोटं हाय ते," ती म्हणाली.

तो वळला.

"त्यांनी तुमचं नाव घेतलं न्हाई. मी तसंच म्हणलं. तुमाला बरं वाटावं म्हणून."

आश्रुबाने कडी दाबली आणि तो उतरला. दार उघडंच ठेवून तो वाटेच्या कडेच्या तुरीपर्यंत चालत गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. शेंगा वाळून कडकडीत झाल्या होत्या. त्याने एक तोडली, हातात चुरली. पंचफुला जागची हलली नाही. आता काहीही होऊ शकलं असतं. तो चालत गंगाखेडला गेला असता, तर तिने त्याला दोष दिला नसता.

बऱ्याच वेळाने तो परत आला. बसला नाही, उघड्या दारात ओणवा होऊन उभा राहिला.

"मग काय म्हणली ती?"

"कोंबडीचं."

"काय?"

"ठिपक्याची कोंबडी होती त्यांची. सांजच्याला डालग्यात आली नव्हती. आत्याबाई सारखं तेच. ठिपकी आली का, बघ बरं, वढ्याकडं जाती ती. मी म्हणलं आली. तर म्हणे, खोटं बोलू नको, आवाज न्हाई आला तिचा. मग म्हणल्या, उशी काढ, मान दुखायलीय. उशी काढली. मग झोपल्या. सकाळी उठल्याच न्हाईत."

"दुखत-बिखत होतं का?"

"न्हाई. खरंच न्हाई. हे मी नर्स म्हणून सांगायलेय."

"माझं काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

आश्रुबाने गाडीच्या टपावर हात टेकला. त्याचे खांदे हलले. तो रडतोय असं तिला वाटलं, मग दिसलं की तो हसत होता, आवाज न करता, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"घावली का कोंबडी?" त्याने विचारलं.

"शेजारच्या सरजाकाकूच्या डालग्यात निघाली."

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि आत बसला. "चल," तो म्हणाला. "दुसऱ्यात घाल. खड्डे हायत."

गावात गाडीभोवती माणसं जमली. उलटं स्टेअरिंग, त्यावर बाई. पारावर वरच्या आळीतला बन्सीधर बसला होता, काठी धरून. घरं जाळणाऱ्या त्या जमावात तो पुढे होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याने डोळे बारीक करून आश्रुबाला ओळखलं. पारावरचं बोलणं बंद पडलं.

"अ‍ॅव्हरेज काय देती?" शेवटी बन्सीधरने विचारलं.

"बारा-तेरा," आश्रुबा म्हणाला. थांबला नाही, पुढे चालू लागला.

तानुबाईच्या मागं तिचं खोपटंही पडलं होतं, घराच्या जागेवर काही उरलं नव्हतं. सारवलेला एक चौकोन आणि कडेला कुणीतरी लावलेला शेवगा. बाजूला सरजाबाईचं घर, तानुबाईच्या शेजारात आयुष्य काढलेली म्हातारी. तिने आश्रुबाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलावर बोटं मोडली, इतकी वर्षं न आल्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि चूल पेटवली. आश्रुबा त्या सारवलेल्या चौकोनात मांडी घालून बसला. मातीवर तळहात टेकवून बसला. म्हातारीने भाकरी, ठेचा, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणून दिली. पंचफुलाने आणलेलं गाठोडं तसंच राहिलं.

"काकू," जेवता जेवता तो म्हणाला, "ती ठिपकी कोंबडी तुझ्यात आली होती म्हणे."

सरजाबाई भाकरी मोडता मोडता थांबली. "तुला कुणी सांगितलं? लय गुणाची कोंबडी. मायच्या मागं दोन वर्सं अंडी दिली तिनं मला."

आश्रुबाने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. पंचफुलाने त्याला दुसऱ्यांदा मागून घेताना मस्कतहून आल्यापासून पाहिलं नव्हतं.

परतताना अंधारायच्या आत पूल ओलांडायचा म्हणून ती लवकर निघाली. वाटेत तो इंजिन ऐकत नव्हता, बाहेर बघत होता, आणि हे रान कुणाचं, ती विहीर कुणाची, असं काहीबाही सांगत होता. कधीतरी मध्येच म्हणाला, खोटं बोलू नको म्हणली तुला. पंचफुला म्हणाली, व्हय, तसंच म्हणल्या. तो मान हलवत राहिला.

फाट्यावरच्या त्या बोलण्याबद्दल दोघं पुढे काही बोलले नाहीत. तिला वाटलं होतं की आपली एक चूक उघडी पडली आणि माफ झाली, एवढ्यावर ते संपलं. पण दोन दिवसांनी ती ड्युटीवर गेली तेव्हा तसं नव्हतं.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर सेलूकडचा एक म्हातारा होता, दमेकरी. दुपारी गेला. घरचं कुणी जवळ नव्हतं. गावाकडून सोबत आलेला भाचा डबा आणायला गेला होता. मुलगा पुण्याला कारखान्यात कामाला, त्याला आदल्या दिवशीच तार गेली होती. उन्हं कलल्यावर तो आला. पायांत कंपनीचे बूट, हातात रेक्झिनची बॅग, अंगाला दिवसभराच्या एसटीचा धुरळा. खाट मोकळी होती, चादर बदललेली. त्याने खाटेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बॅग खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

पंचफुलाने त्याला बाकावर बसवलं. पाणी दिलं. तो ते प्यायला नाही.

"सिस्टर," तो म्हणाला, "काही म्हणाले का शेवटी?"

वाक्य नेहमीसारखं आपोआप तिच्या ओठापर्यंत आलं. आजवर इतक्या वेळा आलं होतं की त्याला तिची गरजच नव्हती. तिने ते तिथंच अडवलं. दुसरं काही सांगायला तिला दुपार आठवावी लागली, नीट, एकेक गोष्ट. खिडकीतलं ऊन खाटेच्या उशापर्यंत आलं होतं. म्हातारा उशांना टेकून बसला होता.

"चहा मागितला," ती म्हणाली. "कपात न्हाई, बशीत द्या म्हणाले. प्यायले. मग म्हणाले, पडदा ओढा, ऊन लागायलंय डोळ्यावर. मी पडदा ओढला. त्यांना झोप लागली. झोपेतच गेले."

मुलगा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला आणखी काही हवं होतं आणि ते येणार नाही हे त्याला हळूहळू कळत गेलं. पंचफुलाला वाटलं, दिलं असतं तर काय बिघडलं असतं. तिने हात एकमेकांत गुंतवून ठेवले.

मग त्याने बॅग खाली ठेवली. ग्लास उचलून अर्धं पाणी प्यायला.

"साखर जास्त लागायची त्यांना," तो म्हणाला. "मागितली असंल."

"मागितली," पंचफुला आठवून म्हणाली. "दोनदा."